पान पंच्याऐंशी ते ब्याण्णव

"दार लाव आधी," आई म्हणाली.

मी दार लावलं. माझ्या हातात कारखान्याकडं चाललेल्या गाडीतून ओढलेला ऊस होता आणि त्यावरून बोलणी बसणार या तयारीनंच मी घरात शिरले होते. पण आईचं उसाकडं लक्ष नव्हतं. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. पुढ्यात दिवाळी अंक उघडा, हातात अण्णांच्या दाढीचं पातं. अंकाच्या शिवणीशी डाव्या हाताचं बोट दाबून तिनं पातं वरून खाली अलगद ओढलं आणि एक पान सुटं केलं. मग दुसरं. मग आणखी दोन.

पानं घेऊन ती मागच्या दारी गेली. दुपारचे तीन वाजले असतील. बंब पेटवायची ही वेळ नव्हे. तिनं पानं बंबात कोंबली आणि काडी लावली.

"आई, तो अंक सगळ्यांचा आहे."

"माहीत आहे."

"वाबळेबाईंना कळलं तर..."

"माहीत आहे म्हटलं ना! पाहिलंस ते पाहिलंस. आता कुणापाशी बोलायचं नाही. लीलाबाईंपाशी नाही आणि गद्रेकाकूंपाशी तर नाहीच." मग तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. "आणि तो ऊस धुऊन खा. बैलाच्या शेपटीखालून आणलाय."

चौसष्ट सालच्या नाताळच्या सुट्टीतली ही गोष्ट. मी बारा वर्षांची होते. आता त्र्याहत्तरावं चालू आहे. आम्ही नगर जिल्ह्यात, कालव्याकाठच्या एका साखर कारखान्याच्या वसाहतीत राहत होतो. अण्णा वजनकाट्यावर कारकून होते. इतर मुलं सुट्टीत आजोळी जात, मावशीकडं जात. आम्ही कुठंच जात नसू, कारण थंडी पडली की कारखान्याचा हंगाम सुरू होई आणि पुरुषांना रजा मिळत नसे. रात्रंदिवस गाड्यांची रांग, दर आठ तासांनी भोंगा, आणि सगळ्या वसाहतीवर मळीचा आंबूसगोड वास. पाहुणे नाकाला रुमाल लावत. मला अजूनही हिवाळा म्हटलं की तोच वास येतो, आणि भूक लागते.

पुरुष हंगामात अडकलेले, म्हणून बायकांनी आपली एक करमणूक काढली होती. नऊ घरं, नऊ दिवाळी अंक. प्रत्येक घरानं एक अंक मागवायचा, चार दिवस ठेवायचा आणि पुढच्या घरी द्यायचा. अंक फिरत फिरत संक्रांत उलटून जाई. या सगळ्याच्या सूत्रधार वाबळेबाई. त्यांचे यजमान लेबर ऑफिसर होते, पण वसाहतीतल्या बायका म्हणायच्या की खरा लेबर ऑफिसर घरातच आहे. प्रत्येक अंकाला त्या तपकिरी कागदाचं कव्हर घालत आणि आत नऊ घरांची नावं लिहिलेली चिठ्ठी चिकटवत. अंक मिळाला की नावापुढं तारीख घालायची. हळदीचे हात लावायचे नाहीत. कोपरे दुमडायचे नाहीत. जेवताना वाचायचा नाही. हा शेवटचा नियम त्या स्वतः पाळत नसत. त्यांच्या घरून आलेल्या अंकात मला दोनदा भाकरीचा पापुद्रा सापडला होता.

अंक घरोघर पोचवायचं काम सुट्टीत माझ्याकडं असे. या कामाला मी कधी कंटाळले नाही, कारण प्रत्येक घरी हातावर काहीतरी पडायचं. गद्रेकाकूंकडं गुळपापडी. वाबळेबाईंकडं शेंगदाण्याचा लाडू, मुठीत न मावणारा. आणि लीलामावशीकडं बाजरीची गरम भाकरी, मधे खड्डा करून त्यात काकवी.

लीलामावशी म्हणजे लीलाबाई औटी. तिचा नवरा कारखान्यात पॅनमन होता, म्हणजे साखरेचा पाक कधी दाणा धरतो ते पाहणारा. मोठ्या कौशल्याचं काम. पण साहेब-कारकुनांत त्याची गणती नव्हती, आणि म्हणून आधीच्या वर्षीपर्यंत आठ घरांच्या या मंडळात लीलामावशीचीही नव्हती. त्या साली तिनं आपणहून वाबळेबाईंना विचारलं. "मी बी अंक मागवते. मला बी घ्या." वाबळेबाईंनी विचारलं, "वाचता येतं का?" ती म्हणाली, "चौथी झालीय. हळू वाचते, पण सगळं वाचते." आईनं तिची बाजू धरली आणि घर वाढलं. लीलामावशी शब्दाखाली बोट ठेवून, पुटपुटत वाचायची. जाहिरातीसुद्धा वाचायची. "पैसं दिल्यात तर सगळंच वाचावं," म्हणायची.

आमच्या घरचा अंक त्या वर्षी टपालात कुठंतरी हरवला आणि डिसेंबर अर्धा सरल्यावर आला. तोवर बाकीचे आठ अंक बऱ्याच घरी फिरले होते, त्यामुळं सगळ्यांचे डोळे त्या एका अंकाकडं लागले होते. आमच्यानंतर तो लीलामावशीकडं जायचा होता, आणि तिच्यानंतर गद्रेकाकूंकडं. आईनं तो तीन दिवसांत वाचला, आणि चौथ्या दिवशी तिच्या हातात मी ते पातं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी अंक लीलामावशीकडं नेला. तिचं घर मला फार आवडे. फळ्यांना वर्तमानपत्राच्या कागदाच्या झालरी, कात्रीनं फुलं आणि मोर कापून केलेल्या. दोन दिवसांनी बोरं द्यायला पुन्हा गेले तर ती उन्हात अंक घेऊन बसली होती.

"नले, इकडं ये बरं. ही पानं उडी मारत्यात का गं? हितं चौऱ्याऐंशी हाय आन् म्होरं एकदम त्र्याण्णव."

"छापतानाच तसं झालं असेल," मी म्हणाले.

"असं असतंय व्हय?"

"असतं कधीकधी."

"मला वाटलं माझंच काय चुकलं." ती हसली आणि पुन्हा शब्दाखाली बोट ठेवून वाचायला लागली. भाकरी खाऊनच जा म्हणाली. मी खाल्ली. काकवी नेहमीइतकीच गोड लागली याची आज लाज वाटते.

मग अंक गद्रेकाकूंकडं गेला. गद्रे कारखान्यात केमिस्ट होते. काकू आईपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या. दीड वर्षापूर्वी त्यांचा दहा वर्षांचा मुकुंद गेला, तेव्हापासून त्या कुणाकडं जात नसत, हळदीकुंकवालाही नाही. त्यांच्यासमोर मुकुंदाचं नाव कुणी काढत नसे. आम्हा मुलांना तशी सक्त ताकीद होती. त्यांचं बाहेरच्या जगाशी जे काही उरलं होतं ते या अंकांपुरतं. वाचण्याची त्यांची एक रीत होती. आधी अनुक्रमणिका काढायच्या, पेन्सिलीनं बारीक टिंबं द्यायच्या, आणि ठरवून एकेक कथा घ्यायच्या.

मी दार ढकललं तेव्हा काकू अंक मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"नलू, इथं पंच्याऐंशी पानावर एक कथा आहे असं लिहिलंय. मी राखून ठेवली होती शेवटाला. आणि ती नाहीच अंकात."

काकूंनी अंक माझ्यापुढं उघडा धरला.

"फाटलेली नाही. कापलेली आहे. हे बघ, शिवणीशी किती सरळ कापलंय. सराईत हात आहे कुणाचा तरी."

सराईत हात म्हटल्यावर लीलामावशीच्या झालरींचा विचार मला सुचला नव्हता. वाबळेबाईंना मात्र लगेच सुचला. संध्याकाळच्या आत वसाहतीत बातमी झाली. चिठ्ठीवर काकूंच्या आधी नाव लीलाबाईंचं. लीलाबाईंच्या घरी कात्री, कागद, मोर. आणखी काय हवं?

"मी तेव्हाच म्हणाले होते," वाबळेबाई आमच्या अंगणात उभ्या राहून आईला म्हणाल्या. "तुम्हीच भरीस घातलंत मला. आता सांगा. तुमच्याकडून अंक गेला तेव्हा पानं होती ना?"

आई तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "मी पानं मोजली नव्हती," ती म्हणाली.

"पानं कोण मोजतं! कथा होती का नाही?"

"सगळं वाचून व्हायचं होतं माझं."

"चार दिवसांत तुमचं वाचून व्हायचं होतं? तुमचं?" वाबळेबाईंनी कपाळाला हात लावला. "बरं. रविवारी हुरड्याला सगळ्याच भेटू. तिथंच काय तो निकाल लावते. ज्यांना अंक नीट ठेवता येत नाही त्यांना पुढच्या वर्षी मंडळात घ्यायचं नाही. आत्तापासूनच नाही."

त्या गेल्यावर मी आईजवळ गेले.

"आई, लीलामावशीला काढतील."

"हं."

"तू सांगून टाक ना."

"तुला अभ्यास नाही का?"

"सुट्टी आहे मला! आई, तू काय कापलंस? खायचं काही करायची कृती होती का?"

आईनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी तिथून उठले. त्या रात्री मी अण्णांजवळ झोपले. आयुष्यात पहिल्यांदा मला आई आवडेनाशी झाली होती.

त्या रविवारी कारखाना सफाईसाठी चोवीस तास बंद होता. हंगामात असे दोन-तीनच दिवस येत, आणि त्यातला एक हुरड्याचा. वाबळेबाईंच्या माहेरचं शेत कालव्यापलीकडं होतं. आम्ही सगळे दोन बैलगाड्यांतून गेलो. ज्वारी पुरुषभर उंच. गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, तिच्यात वाबळेबाईंचे भाऊ गुळभेंडीची कणसं खुपसत होते आणि निघालेली कणसं पोत्यावर चोळून हिरवा, वाफाळता हुरडा पुढं ढकलत होते. बरोबर लसणाची चटणी, दाण्याची चटणी, दही, गूळ, ओला हरभरा. पुरुष एका बाजूला झाडाखाली, आडवे झालेले. एका दिवसाची झोप अंगावर घेऊन आले होते बिचारे. बायका आगटीभोवती. गद्रेकाकूही आल्या होत्या, कालव्याकडं पाठ करून बसल्या होत्या. त्या येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. त्या आल्या म्हणून सगळ्याजणी जरा जपून हसत होत्या.

लीलामावशी सगळ्यांत शेवटी बसली होती. तिला बातमी कळली होती हे तिच्या बसण्यावरून दिसत होतं. ती गरम कणसं स्वतःच हातात घेऊन चोळत होती आणि दुसऱ्यांच्या पानांत टाकत होती. स्वतः खात नव्हती.

वाबळेबाईंनी हात झटकले. "हं. आता त्या अंकाचं."

"अहो, खाऊन तर होऊ द्या," कुणीतरी म्हणालं.

"खाता खाता बोलू की. लीलाबाई, रागावू नका, पण स्पष्ट विचारते. ती पानं कुठं आहेत?"

"मला न्हाई ठावं."

"अंक तुमच्याकडं चार दिवस होता."

"व्हता. पन माझ्याकडं आला तवाच पानं नव्हती."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

लीलामावशीनं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. "ह्या नलूला इचारा ना! मी हिला दावलं व्हतं. ही म्हनली छापतानाच तसं व्हतंय कधीकधी. सांग गं नले."

सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. माझ्या तोंडात हुरडा होता. मी आईकडं बघितलं. ती आगटीकडं बघत होती. मला वाटलं, आता ती बोलेल. मी घास गिळेपर्यंत वाट पाहिली. ती बोलली नाही.

"नलू, म्हणाली होतीस का तू असं?" वाबळेबाई.

हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. तुला कसं ठाऊक पानं आधीच नव्हती? मग त्याच्या पुढचा. बारा वर्षांच्या मुलीला एवढं कळतं. आईचा मला राग होता, पण आई माझी होती.

"नाही," मी म्हणाले. "मला काही दाखवलं नव्हतं."

लीलामावशीच्या हातातलं कणीस तसंच राहिलं. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, जणू मी कोण हे तिला आठवेना.

"झालं तर मग," वाबळेबाई म्हणाल्या. "एक तर कापायचं, आणि वर पोरीचं नाव घ्यायचं. आजपासून—"

"पानं मी कापली," आई म्हणाली.

वाबळेबाई गर्रकन आईकडं वळल्या.

"काय म्हणालात, जोर्वेकरवहिनी?"

"मी कापली. लीलाबाईंकडं अंक गेला तेव्हा पानं नव्हतीच. त्या खरं बोलतायत. नलूनं पाहिलं होतं मला कापताना, म्हणून ती आत्ता खोटं बोलली. तिला मी गप्प राहायला सांगितलं होतं. खोटं बोलायला नव्हतं सांगितलं, पण ते त्यातच येतं."

"पण का?" वाबळेबाईंचा आवाज पहिल्यांदा खाली आला होता. "अंक तुमचा असला तरी पानं नऊ घरांची होती, वहिनी."

आईनं पदर सारखा केला. "मागच्या पानावर स्वेटरचा नमुना होता. तो हवा होता."

एकदम हशा पिकला. आईला विणकाम येत नाही हे सगळ्या वसाहतीला ठाऊक होतं. आदल्या वर्षी तिनं अण्णांसाठी मफलर सुरू केला होता आणि वितीभर झाल्यावर त्याची हंडी उतरवायची चिंधी केली होती.

"स्वेटर! तुम्ही?"

"जोर्वेकरसाहेबांना विचारा, एका बाहीचा चालेल का म्हणून!"

"आणि आठ पानांचा नमुना? हत्तीचा स्वेटर होता का हो?"

आई खाली मान घालून बसली. कान लाल झाले होते. एक गद्रेकाकू हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला सांगायचंत वहिनी. मी नमुना उतरवून दिला असता. ती कथा वाचायची होती मला."

"चुकलं माझं," आई म्हणाली. पण काकूंकडं बघितलं नाही.

हसणं संपल्यावर वाबळेबाईंनी निकाल दिला. त्या कडक होत्या, पण दुटप्पी नव्हत्या. लीलाबाईंसाठी जी शिक्षा ठरली होती तीच आमच्या घराला. राहिलेल्या हंगामात आमच्याकडं एकही अंक यायचा नाही. आणि अंक पोचवायचं माझं कामही गेलं. मग त्यांनी लीलामावशीच्या पानात स्वतःच्या हातानं हुरडा वाढला आणि म्हणाल्या, "खा. माझं चुकलं." लीलामावशीनं तो खाल्ला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती धुराला नावं ठेवत होती.

दुसऱ्या दिवशी आईनं मला तिच्याकडं धाडलं. "काय बोलू?" मी विचारलं. "ते तुझं तू बघ," ती म्हणाली.

मी उंबऱ्यातच उभी राहिले. लीलामावशी भाकरी थापत होती.

"आईसाठी खोटं बोललीस," ती म्हणाली. "मी बी बोलले असते माझ्या आईसाठी. पन माझ्या तोंडावर बघून नको बोलायचंस, नले."

त्या दिवशी तिनं मला भाकरी दिली नाही. संक्रांतीला दिली. मधले सतरा दिवस मी तिच्या दारावरून जाताना पळत जात असे.

आई त्या सुट्टीत विझून गेल्यासारखी झाली. दुपारी कामं आटोपली की हात रिकामे, आणि समोर काही नाही. किराण्याच्या पुड्या सोडून त्यांचे कागद वाचायची. एकदा मी तिला औषधाच्या बाटलीबरोबर आलेला कागद वाचताना पाहिलं, दोन्ही बाजूंनी. मी तिच्याशी धड बोलत नव्हते. स्वेटरच्या नमुन्यावर माझाही विश्वास नव्हता. मला वाटायचं, आई काहीतरी फार वाईट लपवते आहे.

आठ-दहा दिवसांनी गद्रेकाकूंनी मला हाक मारली. माझ्या हातात झाकलेली थाळी दिली. "सांज्याच्या पोळ्या आहेत. आईला दे. थाळी संध्याकाळपर्यंत परत आण. विसरू नकोस हं, संध्याकाळपर्यंत."

घरी आल्यावर आईनं वरचं फडकं काढलं. वर पोळ्या, आणि खाली दुसऱ्या फडक्यात गुंडाळलेला तपकिरी कव्हराचा अंक. काकूंच्या चार दिवसांतला शेवटचा दिवस.

आई थाळीकडं बघतच राहिली. मग मला म्हणाली, "दार लाव."

त्या दिवशी आमची डाळ करपली. पुढं दर चार दिवसांनी थाळी येऊ लागली. कधी शेंगोळे, कधी वड्या, कधी नुसतं मेतकूट. एका दिवसात आई अख्खा अंक वाचून काढायची. वाबळेबाईंच्या नियमांत हे बसत नव्हतं, आणि गद्रेकाकूंनी आयुष्यात दुसरा कुठला नियम मोडला असेल असं मला वाटत नाही. मला वाटलं, काकूंनी आईला मोठ्या मनानं माफ केलं. पुढच्या वर्षी वाबळेबाईंनी आपणहून आमचं घर पुन्हा मंडळात घेतलं आणि थाळ्या थांबल्या. काकूंचं आणि आईचं मात्र जमलं ते जमलंच. दोघी दुपारी एकमेकींकडं बसायच्या. फार बोलायच्या नाहीत.

एकोणसत्तर साली गद्रे निवृत्त झाले आणि मिरजेला जायला निघाले. मी नगरला कॉलेजात होते, नाताळच्या सुट्टीत घरी आले होते. सामान बांधायला मदत करायला गेले. पुस्तकांच्या खोक्याशी बसून काकू एकदम म्हणाल्या,

"नलू, तुझ्या आईनं ती पानं का कापली, तुला ठाऊक आहे?"

"नाही. विचारलं दोन-तीनदा. सांगत नाही."

"मला ठाऊक आहे. हुरड्यानंतरच्या आठवड्यात हे कारखान्याच्या कामासाठी पुण्याला गेले होते. मी तोच अंक आणायला सांगितला. मला ती कथा वाचायचीच होती, अगदी हट्टानं." त्या थांबल्या. "एका मुलाची होती. कालव्यावर पोहायला जातो आणि परत येत नाही. आणि मग त्याची आई."

मी खोक्याची सुतळी धरून तशीच बसले. मुकुंद आमच्या कालव्यात गेला होता. मे महिन्यात, भर दुपारी.

"पहिल्या पानावर कळलं मला, हिनं काय केलंय ते. आणि सगळ्यांसमोर स्वेटरचं ते वेडगळ कारण सांगून बसली. लोक हसले, आणि ती बसली आपलं हसं करून घेत. एकदा तरी म्हणायचं, गद्रेकाकूंसाठी केलं म्हणून. पण मग नऊच्या नऊ घरांनी ती कथा शोधून वाचली असती, आणि मग माझ्याकडं बघितलं असतं."

"मग तुम्ही तिला का नाही सांगितलंत काकू? तुम्हाला कळलंय म्हणून?"

काकूंनी एक पुस्तक खोक्यात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं.

"त्या गोष्टीतल्या मुलानं पाण्यात उतरण्याआधी सदरा घडी घालून काठावर ठेवला होता. आमच्या मुकुंदानं जन्मात कधी सदऱ्याची घडी घातली नाही. फेकायचा. तेवढं वाचलं आणि मला हसू आलं बघ. म्हटलं, हा काही माझा नव्हे. मग पुढचं वाचता आलं. आणि वाचता वाचता मी रडले. तो गेल्यावर दीड वर्ष मी रडले नव्हते, नलू. माणसं म्हणायची, बाई दगडाची आहे. त्या रात्री हे उठून बसले, माझ्या पाठीवर हात ठेवून. त्यानंतर मी जेवायला लागले, माणसांत यायला लागले. मला जे हवं होतं ते त्याच पानांत होतं. तुझ्या आईनं बरोबर तेच काढून घेतलं होतं. सगळ्यांत अपमान करून घेऊन. आता हे तिला मी कोणत्या तोंडानं सांगू?"

मी सुतळी बोटाला गुंडाळत राहिले.

"तूही सांगू नकोस. कधीच. मला वचन दे."

मी दिलं. घरी आले तेव्हा आई काकूंना वाटेत खायला म्हणून दशम्या करत होती. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि न सांगता लाटायला घेतलं. पाच वर्षं मी तिच्याशी कारण नसताना तुटक वागले होते. ती म्हणाली, "आज काय बाई उजाडलं?"

गद्रेकाकू मिरजेलाच वारल्या, त्याला आता पुष्कळ वर्षं झाली.

आई शेवटची काही वर्षं माझ्याकडं पुण्यात होती. नव्वदीला टेकली होती, डोळे गेले होते, पण वाचायची भूक तीच. डिसेंबरात दुपारी मी तिला गॅलरीत उन्हात बसवायची, मांडीवर शाल, हातात सोलायला मटाराच्या शेंगा, आणि शेजारी बसून दिवाळी अंक वाचून दाखवायची. जाहिरातीसुद्धा वाच म्हणायची. एकदा अशीच एक कथा वाचत होते. त्यात एका गावाजवळ कालवा आला, नुसता उल्लेख. आईनं हात वर केला. मी थांबले.

"ती पानं," आई म्हणाली. "मी बंबात घातली होती बघ. तुला आठवतं?"

"आठवतं."

"गद्रेकाकूसाठी घातली होती. त्यात एक मुलगा बुडतो, तिच्या मुकुंदासारखा. तिनं ते वाचलं असतं तर ती जगली नसती, असं वाटलं मला. मी कुणाला बोलले नाही कधी." तिनं एक शेंग सोलली, दाणे बोटांनी चाचपले. "तुझे फार हाल केले मी तेव्हा. आणि त्या लीलाबाईचे. तिला चोर ठरवेपर्यंत मी गप्प बसले. तू खोटं बोललीस तेव्हा कुठं तोंड उघडलं माझं. पण एवढं झालं ते निदान कामी आलं. ती सावरली नंतर. हो की नाही?"

"हो. सावरल्या."

आईनं सोललेले दाणे बाजूला ठेवले. मग तिनं चेहरा माझ्याकडं वळवला, जणू तिला दिसत होतं.

"पुढं कधी कुठून तिच्या हाती पडली नसेल ना गं ती गोष्ट?"

लहानपणी आगटीपाशी मी आईसाठी खोटं बोलले तेव्हा आवाज कापला होता. या वेळी नाही कापला.

"नाही आई. कुठून पडणार?"

"हं," ती म्हणाली, आणि पुढची शेंग हातात घेतली. "वाच पुढं."